चुन्यात गूळ, हिरडा, उडीद : पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने सेंद्रिय घटक नेमके काय करतात?

कोनाडा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जुन्या वाड्यांच्या आणि मंदिरांच्या जतनाच्या कामात एक प्रश्न वारंवार समोर येतो. चुन्याचा गिलावा करताना किंवा दरजा भरण्याचा माल तयार करताना जुने गवंडी त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर, भिजवून वाटलेले उडीद, मेथी आणि क्वचित जवसाचे तेल घालतात. प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते आणि कारण विचारले तर "माल चिवट होतो", "पाणी धरत नाही", "भेगा पडत नाहीत" अशी उत्तरे मिळतात, जी अनुभवाची असतात, पण मोजमापाची नसतात. उलट स्थापत्य अभियंते ठामपणे सांगतात, की बांधकामाच्या मालात कुजणारा पदार्थ जाताच कामा नये.

ज्या भिंती दोन-तीनशे वर्षे उभ्या आहेत त्यांच्याविषयीचे ज्ञान निव्वळ समजूत म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही, आणि जुने आहे म्हणून डोळे झाकून वापरणेही पटत नाही. चुन्यासारख्या खनिज पदार्थात हे सेंद्रिय घटक काय करतात, ते किती काळ टिकतात आणि आजच्या कामात त्यांचे प्रमाण कसे ठरवावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

दुर्गवेडा_सातारा

अतिशय महत्त्वाचा विषय. आपल्याकडच्या अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक आणि ते फिरवण्याचा गोल चर आजही पाहायला मिळतो. ज्यांनी एवढ्या निगुतीने चुना दळला, त्यांनी त्यात काय घालायचे याचाही नक्कीच विचार केला असणार. माझ्या मते गूळ आणि हिरडा घातलेला जुना चुना आजच्या सिमेंटपेक्षा मजबूत असतो, म्हणूनच तटबंद्या टिकल्या आहेत.

ओळंबा

दुर्गवेडा, आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. दाब सहन करण्याची ताकद मोजली तर चुन्याचा माल सिमेंटच्या मालापेक्षा बराच कमी भरतो आणि चुन्याचा गुण ताकदीत नाहीच. तो दगडापेक्षा मऊ राहतो, भिंत थोडी हलली तर स्वतः झिजतो पण दगड फुटू देत नाही, आणि भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ देतो. जुन्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या की आत अडकलेले पाणी आणि क्षार दगडातून वाट काढतात आणि काही वर्षांनी दगडाच्याच पापुद्र्या सुटू लागतात. तटबंद्या टिकल्या त्या या मऊपणामुळे, जाड भिंतींमुळे आणि पाण्याचा निचरा नीट केल्यामुळे.

आता सेंद्रिय पदार्थांविषयी. आयएस ४५६ या मानकात काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात सेंद्रिय घनपदार्थांची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, तर असेंद्रिय घनपदार्थांना ३००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. हा फरक विनाकारण ठेवलेला नाही. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर काँक्रीटचे घट्ट होणे काही तासांनी लांबवते, आणि प्रमाण ०.२ ते १ टक्क्याच्या घरात गेले तर ते जवळजवळ थांबतेच. मी तरुण अभियंता असताना एका साइटवर स्लॅबवर पाणी धरण्यासाठी साखरेची रिकामी पोती अंथरली गेली होती. पोती उचलली तेव्हा वरचा थर नखाने खरवडला तरी भुकटी होऊन निघत होता आणि खालचे काँक्रीट मात्र व्यवस्थित घट्ट झाले होते. पोत्यांच्या तागात राहिलेली साखर एवढे करू शकते, तर बादलीभर गुळाच्या पाण्याविषयी अभियंता सावध असणारच.

मृण्मयी

वाचते आहे. वाचनखूण साठवली आहे.

स्फटिक

ओळंबा यांचा प्रतिसाद अचूक आहे, मात्र त्यांनी दिलेले उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचावे असे मला वाटते. हजारात एखादा भाग साखर एवढा मोठा परिणाम करते, याचा अर्थ ती मालात नुसती भर म्हणून बसत नाही. ती स्फटिकांच्या पृष्ठभागावर काम करते. सेंद्रिय घटक खनिजात कशासाठी असतात, याचे उत्तर येथूनच सुरू होते.

चुन्याचे चक्र थोडक्यात सांगतो. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कर्बद्विप्राणिद (कार्बन डायऑक्साइड) निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की विरलेला चुना मिळतो, आणि भिंतीवर लावल्यानंतर तो हवेतला कर्बद्विप्राणिद पुन्हा घेत घेत कॅल्साइट होतो, म्हणजे रासायनिकदृष्ट्या पुन्हा चुनखडीच. ही शेवटची पायरी मंद असते आणि जाड थरात ती महिनोन्‌महिने चालते. या काळात कॅल्साइटचे स्फटिक किती मोठे होतील, कोणत्या आकाराचे होतील आणि एकमेकांत किती घट्ट गुंततील, यावर मालाचे सारे गुण अवलंबून असतात. सेंद्रिय रेणूंना आपला प्रभाव टाकायला हीच जागा मिळते.

गूळ घेऊ. विरलेला चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. साखरेच्या द्रावणात मात्र कॅल्शियमचे साखरेशी संयुग होते आणि विद्राव्यता अनेक पटींनी वाढते. त्यामुळे चुना कणाकणांच्या फटींत अधिक आत पोहोचतो आणि माल हाताला मऊसर, लोण्यासारखा लागतो. पण हाच साखरेचा रेणू नव्या स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ रोखतोही, म्हणून गूळ वाढला की माल आळत नाही.

हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते, त्यामुळेच चर्मोद्योगात त्याला मागणी आहे. टॅनिनचे रेणू कॅल्शियमशी बांधले जातात आणि त्यांची अल्पविद्राव्य संयुगे तयार होतात. उडदातील प्रथिने आणि पिष्ट (स्टार्च) यांचे काम वेगळे आहे. ती पाणी धरून ठेवतात, त्यामुळे गिलावा एकदम सुकत नाही आणि आकुंचनाच्या भेगा कमी होतात. जवसाच्या तेलातील स्निग्धाम्ले चुन्याशी संयोग पावून कॅल्शियमचा साबण तयार करतात, जो पाण्यात विरघळत नाही आणि छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही. गवंडी "पाणी धरत नाही" म्हणतो त्याचा रासायनिक अर्थ हा आहे.

तेव्हा "सेंद्रिय घटक चांगले की वाईट" या प्रश्नाला उत्तर नाही. कोणता रेणू, कोणत्या खनिजावर, किती प्रमाणात आणि कोणत्या टप्प्यावर, असे विचारले तरच उत्तर मिळते.

निरगुडी

सुरेख प्रतिसाद, स्फटिक. यात एका मराठी मुलखातल्या अभ्यासाची भर घालते. वेरूळच्या लेण्यांमधील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे आणि तंतू मिसळलेले आढळले. राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध केले आणि नमुन्यातील भांगेचे प्रमाण सुमारे दहा टक्के असल्याचे नोंदवले. अजिंठ्याच्या गिलाव्यात इतर वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत, पण भांग आढळत नाही. तिथल्या चित्रांचे कीटकांनी बरेच नुकसान केले आहे, तर वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे.

इथे सेंद्रिय घटक स्फटिकांच्या वाढीसाठी नाही. तंतू सुकणाऱ्या मातीला ताण सहन करण्याचे बळ देतात आणि भेग पुढे सरकू देत नाहीत. शिवाय वनस्पती निवडताना कीटक तिच्याकडे फिरकतात की नाही, हाही विचार करावा लागतो. कोनाडा यांनी टिकाऊपणाविषयी विचारले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सेंद्रिय पदार्थ घालणे म्हणजे कोणासाठी तरी अन्न ठेवणेही असते.

शाळामास्तर

हा विषय आठवी-नववीच्या मुलांनाही उत्तम समजावता येतो. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि व्हिनेगर मधून मधून बदलावे. आम्लाने खनिज भाग विरघळतो आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते, कारण आता फक्त कोलॅजन या प्रथिनाचे जाळे उरलेले असते. दुसरे हाड शिक्षकांनी स्वतः जाळून दाखवावे. त्याचा आकार तसाच राहतो, पण बोटांत दाबले की त्याचा चुरा होतो, कारण सेंद्रिय भाग जळून गेलेला असतो. दोन्ही हाडे मुलांच्या हातात दिली, की एकटे खनिज ठिसूळ आणि एकटे कोलॅजन लिबलिबीत, हे फळ्यावर लिहिण्याची गरजच राहत नाही.

जांभा

गोव्यातून लिहितो आहे. येथील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने असत, काही घरांत अजूनही आहेत. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत चपटे, जवळजवळ पारदर्शक शिंपले ओळीने सरकवलेले असतात आणि दुपारच्या उन्हात खोलीत दुधी उजेड पसरतो. हा शिंपला प्लाकुना प्लासेंटा या जातीचा. त्याच्या वजनाचा सुमारे ९९ टक्के भाग कॅल्साइट आहे, म्हणजे ज्या खनिजाची आपण चर्चा करत आहोत तेच, आणि सेंद्रिय भाग उरलेल्या एका टक्क्याच्या आसपास.

अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की टोकदार वस्तूने दाबल्यावर हा शिंपला शुद्ध कॅल्साइटच्या स्फटिकापेक्षा सुमारे दहापट ऊर्जा जिरवतो आणि इजा त्या बिंदूच्या जवळच रोखून धरतो. कॅल्साइटचे अत्यंत पातळ थर आणि त्यांच्यामधला नाममात्र सेंद्रिय पदार्थ यांची रचना अशी आहे, की भेग सरळ पलीकडे जाऊच शकत नाही. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजूनही चुना करत असत. भट्टीत गेल्यावर ही सारी रचना नष्ट होते आणि आपण पुन्हा साध्या चुन्यापासून सुरुवात करतो, हे मला फार विचार करायला लावते.

स्फटिक

जांभा, अप्रतिम उदाहरण. मोत्याच्या शिंपल्याचा आतला चकाकणारा थरही याच तत्त्वावर उभा आहे. त्यात अरागोनाइटच्या, म्हणजे कॅल्साइटच्याच घटकांच्या पण वेगळ्या स्फटिकरचनेच्या खनिजाच्या, साधारण अर्धा मायक्रॉन जाडीच्या चकत्या असतात आणि दोन चकत्यांमध्ये काही दशक नॅनोमीटर जाडीचा प्रथिनांचा आणि कायटिनचा पडदा असतो. वजनाने जवळपास ९५ टक्के खनिज, तरीही चिवटपणा शुद्ध अरागोनाइटच्या कित्येक पट. याचे अनुकरण प्रयोगशाळेत करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

शिंपल्यात सेंद्रिय द्रव्य स्फटिक वाढण्याच्या आधीपासून हजर असते आणि त्यांना वाढायची जागा व दिशा देते, हा आपल्यासाठी महत्त्वाचा धडा आहे. गवंड्याने चुना मळताना, तो ओला असतानाच, काढा घालणे आणि तयार भिंतीवर नंतर तो शिंपडणे यांत मूलभूत फरक आहे तो याचमुळे.

चीनमधील उदाहरणही नोंदवतो. तेथे चिकट तांदळाची पेज चुन्यात घालण्याची प्रथा साधारण दीड हजार वर्षे जुनी मानली जाते. चेजियांग विद्यापीठाच्या झांग बिंगज्येन यांच्या गटाने २०१० मध्ये या मालाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तांदळातील अमायलोपेक्टिन हे पिष्ट कॅल्साइटच्या स्फटिकांची वाढ नियंत्रित करते, स्फटिक अतिसूक्ष्म राहतात आणि पिष्टासह त्यांची घट्ट, एकजीव रचना होते, असे त्यांना आढळले. आपल्या उडदाच्या पिठीचा अशाच तपशिलाने अभ्यास व्हायला हवा.

सौरकण

थोडे अवांतर वाटेल, पण मुद्दा तोच आहे. मी सौरघटांवर काम करतो. २००९ मध्ये जपानमधील त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने पेरोव्हस्काइट प्रकारच्या पदार्थाचा सौरघट दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. सुरुवातीच्या सर्वांत गाजलेल्या पदार्थात शिसे आणि आयोडीन यांच्या असेंद्रिय सांगाड्याच्या पोकळीत मिथाइलअमोनियम हा छोटा सेंद्रिय आयन बसलेला असतो. तो प्रकाश शोषण्याचे मुख्य काम स्वतः करत नाही, पण त्याच्या आकारामुळे सांगाडा योग्य रचनेत उभा राहतो, आणि त्याच्यामुळेच हा पदार्थ द्रावणातून, कमी तापमानाला, काचेवर पसरवता येतो.

दुर्दैवाने उष्णता आणि दमटपणा यांपुढे प्रथम हार मानतो तोही हाच सेंद्रिय घटक. तो निघून गेला की काळसर थर पिवळा पडतो, कारण मागे शिशाचे आयोडाइड उरते. हवा आणि ओलावा आत येऊ न देणाऱ्या हातमोज्यांच्या पेटीबाहेर (ग्लव्हबॉक्सबाहेर) राहिलेल्या नमुन्याच्या कडा पिवळ्या होत आत सरकताना पाहणे हा आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. म्हणून मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम किंवा असेंद्रिय सिझियम घालण्याचे प्रयत्न झाले. कोनाडा यांचा टिकाऊपणाचा प्रश्न त्यामुळे केवळ जुन्या चुन्यापुरता नाही.

मृण्मयी

सौरकण यांच्या मुद्द्याला जोडून : २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी (इंग्रजीत 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क', म्हणजे एमओएफ) मिळाले. याघी यांच्या प्रसिद्ध एमओएफ-५ मध्ये जस्त-ऑक्सिजनचे पुंजके सांधे म्हणून आणि टेरेफ्थॅलिक आम्लाचे रेणू दांडे म्हणून काम करतात. हे तेच आम्ल, ज्यापासून पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक बनते. एक ग्रॅम पदार्थात दोन हजार चौरस मीटरहून अधिक अंतर्गत पृष्ठभाग! येथे सेंद्रिय भाग किरकोळ पूरक द्रव्य नाही, तो रचनेचा अर्धा भाग आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतही या पदार्थांवर संशोधन चालते.

दुर्गवेडा_सातारा

ओळंबा, ताकद आणि मऊपणा यांतला फरक आपण नीट समजावला, धन्यवाद. मात्र एक विचारतो. सेंद्रिय पदार्थ सिमेंटला चालत नाही म्हणता, मग आज रेडिमिक्समध्ये (कारखान्यातून तयार येणाऱ्या काँक्रीटमध्ये) जी रसायने घालतात ती कशाची असतात?

ओळंबा

अत्यंत योग्य प्रश्न. तीही सेंद्रियच असतात. लाकडाच्या लगद्यातून मिळणारी लिग्नोसल्फोनेटे पूर्वीपासून वापरात आहेत आणि आता पॉलिकार्बोक्सिलेट प्रकारचे बहुवारिक (पॉलिमर) सर्वत्र वापरले जातात. कंगव्यासारखी रचना असलेला हा रेणू सिमेंटच्या कणाला चिकटतो आणि त्याच्या लांब शाखा कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे पाणी कमी घालूनही काँक्रीट पंपातून वाहते. प्रमाण बहुधा सिमेंटच्या वजनाच्या एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. आजच्या उंच इमारतींचे पंपाने वर चढवलेले काँक्रीट याच रेणूंमुळे शक्य झाले आहे.

तेव्हा माझा आक्षेप सेंद्रियतेवर नाही, अनिश्चिततेवर आहे. कारखान्यातून आलेल्या डब्यावर घनता, घनपदार्थांचे प्रमाण आणि मात्रा लिहिलेली असते, आणि आयएस ९१०३ या मानकानुसार त्याची चाचणी होते. गुळाचे तसे नाही. दोन गावच्या गुळांत साखर, क्षार आणि ओलावा वेगळा असतो, आणि हिरडा किती दिवस भिजवला यावर काढ्याची तीव्रता बदलते. हे मोजले गेले तर मीच प्रथम सही करीन.

कोनाडा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळंबा यांच्या या शेवटच्या परिच्छेदामुळे माझा मूळ प्रश्न अधिक नेमका झाला आहे. स्फटिक, दोन गोष्टी कृपया सांगाव्यात. कुजण्याची भीती कितपत खरी आहे? आणि मोठ्या प्रयोगशाळेशिवाय, कामाच्या जागी, प्रमाण ठरवण्यासाठी काय करता येईल?

स्फटिक

कुजण्याविषयी प्रथम. ताज्या चुन्याचा पीएच सुमारे १२.४ असतो आणि त्यात बुरशी किंवा जीवाणू सहसा वाढू शकत नाहीत. कर्बद्विप्राणिद शोषून कॅल्साइट तयार झाल्यावर पीएच खाली येतो, पण तोपर्यंत थोड्या प्रमाणातला सेंद्रिय भाग स्फटिकांमध्ये बंदिस्त झालेला असतो. प्रमाण जास्त झाले तर उरलेला भाग मोकळा राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात काळे डाग दिसू लागतात. त्यामुळे भीती खरी आहे, मात्र ती प्रमाणावर अवलंबून आहे. म्हणूनच "थोडे अधिक घातले तर अधिक चांगले" ही वृत्ती मला सर्वांत घातक वाटते.

आता चाचणीविषयी. त्याच वाळूचे आणि त्याच चुन्याचे लहान ठोकळे करावेत. एक संच काहीही न घालता करावा, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय कोणत्याही काढ्याचे श्रेय ठरवता येत नाही, आणि ही साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. बाकीच्या संचांत एका वेळी एकच घटक घालावा आणि त्याची मात्रा चुन्याच्या वजनावर मोजावी. बादल्यांवर मोजू नये. गुळाची सुरुवात एका टक्क्यापेक्षा कमी ठेवून वर जावे. ठराविक काळाने एकेक ठोकळा मधोमध फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडावे. जिथे चुना अजून कच्चा आहे तो गाभा गडद गुलाबी होतो आणि कॅल्साइट झालेली कड रंगहीन राहते. त्या कडेची जाडी पट्टीने मोजली की कोणत्या घटकाने प्रक्रिया रोखली आहे, हे लगेच कळते. त्याबरोबर कोरडा ठोकळा तोलून, पाण्यात उभा ठेवून, तो किती पाणी ओढतो हे वजनावरून पाहावे आणि एक संच पावसाळाभर उघड्यावर ठेवावा.

एक व्यावहारिक सूचना. हिरडा लोखंडी पिंपात भिजवू नये. टॅनिन आणि लोह यांचे निळसर काळे संयुग होते आणि तो डाग गिलाव्यात कायमचा उतरतो.

ओळंबा

स्फटिक यांनी सुचवलेल्या पद्धतीला पूर्ण पाठिंबा. त्यात एवढीच भर, की प्रत्येक संचात एकाऐवजी किमान तीन ठोकळे असावेत आणि काढ्यातले पाणी एकूण पाण्यात धरावे. काढा "वरून" घातला तर पाणी वाढते, माल सच्छिद्र होतो आणि दोष हिरड्यावर येतो.

निरगुडी

जुन्या भिंतीत मुळात काय घातले होते ते आधी ओळखता आले तर निवड सोपी होईल. चिनी अभ्यासकांनी पिष्ट ओळखण्यासाठी आयोडीन वापरले होते. उडदासाठी ते चालेल का?

स्फटिक

चालेल, कारण उडदात पिष्टाचे प्रमाण भरपूर असते. मात्र आयोडीन थेट चुन्यावर टाकू नये. अल्कलीत ते स्वतःच रूपांतरित होऊन रंग देत नाही, आणि मग पिष्ट असूनही नाही असा निष्कर्ष निघतो. नमुन्याची पूड करून पातळ ॲसेटिक आम्लाने बुडबुडे थांबेपर्यंत उदासीन करावी आणि नंतर आयोडीनचा थेंब सोडावा. निळा रंग आला तर पिष्ट आहे. न आल्यास उडीद नव्हतेच असे मात्र म्हणता येणार नाही, कारण काळाच्या ओघात पिष्टाचे विघटन झालेले असू शकते. अशा वेळी अवरक्त वर्णपटाची तपासणी करून घ्यावी आणि नमुना भिंतीच्या पृष्ठभागावरून न घेता पावसाचे पाणी न पोहोचलेल्या आतल्या दरजेतून घ्यावा.

कोनाडा (धागाकर्ती)

नमुने आतल्या दरजांमधूनच घेईन आणि न मिसळलेल्या चुन्याच्या संचापासून सुरुवात करीन. गवंडी काकांनाही ठोकळे करताना सोबत घेणार आहे, कारण माल हाताला कधी बरोबर लागतो हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही, आणि ते ज्या क्षणाला "झाला" म्हणतील त्या क्षणाचे पाण्याचे प्रमाण मला वहीत हवे आहे. पावसाळा संपल्यावर निरीक्षणे याच धाग्यावर मांडते.